काठी, सावली आणि ग्रंथपालाचा पगार

इरॅटोस्थेनिस या प्राचीन ग्रीक विद्वानाचं नाव निघालं की बहुतेकांना एकच गोष्ट आठवते. दक्षिण इजिप्तमधलं सायीन गाव, म्हणजे आजचं आस्वान, तिथं २१ जूनच्या आसपास भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो, विहिरीच्या तळापर्यंत ऊन पोचतं, उभ्या काठीची सावली पडत नाही. त्याच दिवशी त्याच वेळेला उत्तरेला अलेक्झांड्रियात मात्र सावली पडते. तिचा कोन भरला वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा, म्हणजे ७.२ अंश. दोन गावांमधलं अंतर ५००० स्टेडिया (स्टेडियम हे तेव्हाचं अंतराचं माप), तर मग पृथ्वीचा घेर त्याच्या पन्नास पट, अडीच लाख स्टेडिया. इसवी सनाच्या सव्वादोनशे-अडीचशे वर्षं आधी, ना दुर्बीण ना उपग्रह, एका माणसानं एका काठीवर अख्खी पृथ्वी मोजली. यूट्यूबवर, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात, व्हॉट्सॲपच्या फॉरवर्ड्समध्ये ही गोष्ट अशीच सांगितली जाते आणि शेवटी तात्पर्य काढतात की बघा, डोकं असलं की साधनं लागत नाहीत.

हे तात्पर्य चुकीचं आहे आणि आजच्या घडीला ते घातकही आहे असं माझं स्पष्ट मत आहे. कारण "हुशार पोरगं कुठंही शिकतं" हे एकदा मान्य केलं की प्रयोगशाळेचा खर्च, ग्रंथालयाचं अनुदान, कॉलेजातल्या वर्षानुवर्षं रिकाम्या राहिलेल्या प्राध्यापकांच्या जागा, यातलं काहीच तातडीचं वाटेनासं होतं. सगळं त्या पोराच्या डोक्यावर सोडून मोकळं होता येतं. आणि त्यासाठी दाखला कुणाचा, तर इरॅटोस्थेनिसचा, जो आयुष्यातली पन्नासएक वर्षं सरकारी पगारावर, त्या काळातल्या जगातल्या सगळ्यात मोठ्या ग्रंथालयाचा मुख्य म्हणून जगला.

आधी माणूस कोण ते बघू. जन्म इसवी सनपूर्व २७६ च्या सुमारास सायरीनला, हे शहर आजच्या लिबियात येतं. शिक्षण अथेन्सला, तिथं तत्त्वज्ञान शिकला, कविता लिहायला लागला. इसवी सनपूर्व २४५ च्या आसपास इजिप्तचा राजा तिसरा टॉलेमी यानं त्याला अलेक्झांड्रियाला बोलावून घेतलं, राजपुत्राला शिकवायचं काम दिलं आणि ग्रंथालयाची जबाबदारीही त्याच्याकडे आली. इसवी सनपूर्व १९४ च्या सुमारास तो तिथंच गेला. म्हातारपणी दृष्टी गेली, वाचता येईना, म्हणून त्यानं अन्न सोडलं असं जुन्या नोंदींमध्ये सांगितलंय.

आता त्या प्रसिद्ध मोजणीत दोन प्रश्न विचारून बघा. पहिला, अलेक्झांड्रियात बसलेल्या माणसाला सायीनला सावली पडत नाही हे कळलं कसं? तो स्वतः तिथं गेल्याचा पुरावा नाही. त्याचं पृथ्वीच्या मोजणीवरचं मूळ पुस्तकच हरवलंय, आपल्याला जे माहितीय ते बरंचसं क्लिओमिडीज नावाच्या लेखकानं काही शतकांनंतर लिहिलेल्या खगोलशास्त्राच्या पुस्तकातून. आणि त्या वर्णनात विहीर नाहीच, विहीर दुसऱ्या लेखकांकडून येते. क्लिओमिडीज सांगतो ते त्याहून रंजक आहे, की सायीनच्या भोवती ३०० स्टेडिया रुंदीच्या पट्ट्यात त्या दुपारी सावली नसते. म्हणजे कुणीतरी, किंवा बऱ्याच जणांनी, वेगवेगळ्या ठिकाणी उभं राहून हे बघितलं होतं, कुठं सावली आहे कुठं नाही याची नोंद झाली होती आणि ती नोंद अलेक्झांड्रियापर्यंत पोचली होती.

दुसरा प्रश्न, ५००० स्टेडिया कुणी मोजले? इसवी सनाच्या पाचव्या शतकातला लेखक मार्टियानस कापेला म्हणतो की हे अंतर इरॅटोस्थेनिसनं टॉलेमीच्या राजदरबारी मोजणीदारांकडून घेतलं. हे पटण्यासारखं आहे, कारण इजिप्तइतकी मोजलेली जमीन त्या काळात क्वचितच कुठं असेल. नाईलला दरवर्षी पूर यायचा, बांध वाहून जायचे, मग पुन्हा मोजणी, कारण मोजणीशिवाय सारा ठरणार कसा. भूमितीची सुरुवात तिथूनच झाली असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहून गेलाय. आपल्याकडे भूमी अभिलेख खात्याचा माणूस मोजणीला येतो ना, तसलं खातं तिथं पिढ्यानपिढ्या चालू होतं आणि त्याच्या बाडांमध्ये दक्षिणोत्तर इजिप्तची अंतरं पडून होती.

म्हणजे काठी आणि सावली हा या सगळ्या कामाचा शेवटचा, सगळ्यात स्वस्त भाग झाला. त्याच्या आधीचं सगळं महाग होतं, त्याला खातं लागलं, दप्तर लागलं, ते दप्तर वाचायला मोकळा वेळ असलेला माणूस लागला. इरॅटोस्थेनिसची प्रतिभा मी कुठंही कमी करत नाहीये, कारण सावलीची नोंद आणि शेतसाऱ्याची मोजणी ही दोन एकमेकांशी काही संबंध नसलेली बाडं एकत्र ठेवली की पृथ्वीचा घेर निघतो हे त्याच्याच डोक्यात आलं. पण ती दोन्ही बाडं त्याच्या टेबलावर येऊ शकली म्हणून आलं.

ही मोजणी आपल्याकडेही करता येते, आणि खरंतर सहज. अख्खा महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे वर्षातून दोनदा, एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलै-ऑगस्टच्या सुमारास, सूर्य बरोबर डोक्यावरून जातो. शून्य सावली दिवस म्हणून हल्ली बातम्याही येतात. कोल्हापूर आणि नाशिक ही शहरं जवळपास एकाच रेखांशावर आहेत, अक्षांशांत ३.३ अंशांचा फरक. मेच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूरला सावली गायब होते त्या दुपारी नाशिकला एक मीटर उंचीच्या काठीची सावली पावणेसहा सेंटिमीटर पडते. सरळ रेषेत दोन्ही शहरांत साधारण ३६५ किलोमीटर. गुणाकार-भागाकार केला की उत्तर चाळीस हजार किलोमीटरच्या अगदी जवळ येतं. सातवीतलं पोरगं करेल. पण ३६५ हा आकडा ते पोरगं आणणार कुठून? गूगल मॅप्सवरून, म्हणजे पुन्हा दुसऱ्या कुणीतरी पैसे खर्चून केलेल्या मोजणीवरून. आणि नाशिकला त्याच वेळी काठी धरून उभं राहणारं दुसरं कुणीतरी लागणारच. (मेमध्ये शाळांना सुट्टी असते आणि जुलैत ढग, त्यामुळे हा प्रयोग आपल्याकडे व्हावा तितका होत नाही. एखाद्या शिक्षकानं सुट्टीत पोरं गोळा केली तरच होतो.)

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, कारण फॉरवर्ड्समध्ये "फक्त एक टक्क्याची चूक" असं ठोकून दिलेलं असतं. नंतर इरॅटोस्थेनिसनं आकडा २,५२,००० स्टेडिया केला, ६० नं नीट भाग जावा म्हणून असं मानतात. पण एक स्टेडियम म्हणजे नेमके किती मीटर यावर अभ्यासकांचं एकमत नाही. १५७.५ मीटर धरलं तर घेर ३९,६९० किलोमीटर येतो, आणि ध्रुवांवरून जाणारा खरा घेर आहे ४०,००८, म्हणजे कमालच. पण १८५ मीटर धरलं तर ४६,६२० येतो, चूक सोळा टक्क्यांच्या वर जाते. शिवाय सायीन कर्कवृत्तावर बरोब्बर नाहीये, थोडं उत्तरेला आहे, आणि अलेक्झांड्रियाच्या सरळ दक्षिणेलाही नाहीये, तीन अंश पूर्वेला आहे. याच्यामुळे त्याचं मोठेपण कमी होत नाही. त्यानं रीत दिली, आणि ती अशी दिली की चूक कुठं आहे हे पुढच्याला शोधता यावं. खगोलशास्त्रज्ञ हिप्पार्कसनं शंभर वर्षांच्या आत त्याच्या भूगोलावर टीका करणारं आख्खं पुस्तक लिहिलं. विज्ञानात हेच तर हवं असतं.

आता ग्रंथालयाकडे येऊ. अलेक्झांड्रियात राजानं म्यूझिऑन नावाची संस्था चालवली होती, विद्वानांना पगार, एकत्र जेवण, फिरायला सावलीची वाट, चर्चेला जागा. स्ट्रॅबो या भूगोलकारानं पुढं ती स्वतः बघून वर्णन केलंय. त्याला जोडून ग्रंथसंग्रह. पुस्तकं जमवायची टॉलेमी राजांना इतकी हाव होती की बंदरात आलेल्या जहाजांवरची पुस्तकं काढून घ्यायची, नक्कल करायची, मूळ प्रत ठेवून घ्यायची आणि नक्कल मालकाला द्यायची, असं गेलन या ग्रीक वैद्यानं लिहिलंय. अथेन्सकडून मोठ्या नाटककारांच्या अधिकृत प्रती मागवल्या, पंधरा टॅलेंट (टॅलेंट हे तेव्हाचं वजन) चांदी अनामत ठेवली, आणि मग प्रतीच ठेवून घेतल्या, अनामत बुडाली तर बुडाली म्हणाले. ही दांडगाई होती, तिचं कौतुक करायचं कारण नाही. पण एका राज्यानं पुस्तकासाठी एवढी चांदी सोडून दिली हे मला महत्त्वाचं वाटतं.

यावर त्या काळातही लोक बोलत होतेच. टिमॉन नावाचा एक कवी होता, त्यानं म्यूझिऑनची टर उडवली की इजिप्तमध्ये बरेच पुस्तकी किडे पोसलेत, म्यूझेसच्या, म्हणजे कलादेवतांच्या, पिंजऱ्यात बसून एकमेकांशी अखंड भांडत असतात. हे वाचलं आणि मला एकदम टीव्हीवरच्या चर्चा आठवल्या, आमच्या टॅक्सच्या पैशावर हे लोक वर्षानुवर्षं पीएचडी करत बसतात, संस्कृत कशाला, पाली कशाला, इतिहास कशाला, याचा उपयोग काय. सव्वादोन हजार वर्षांत आरोपाचे शब्दसुद्धा फारसे बदललेले नाहीत. म्हणून त्या पिंजऱ्यातल्या एकानं काय काय केलं ते नीट बघायला पाहिजे.

पृथ्वीचा घेर हे एकच काम. दुसरं, मूळ संख्या शोधायची चाळणी. ३ पासूनच्या विषम संख्या ओळीनं लिहा, ३ ठेवून ३ च्या पटीतल्या खोडा, ५ ठेवून ५ च्या पटीतल्या खोडा, असं करत गेलं की चाळणीत फक्त मूळ संख्या उरतात. ही आपल्याला निकोमॅकस या गणितज्ञाच्या पुस्तकामुळे कळली आणि आज प्रोग्रॅमिंग शिकणारं जवळजवळ प्रत्येक पोरगं ती पहिल्या वर्षात लिहितं, नाव घेऊन लिहितं. तिसरं, घन दुप्पट करायचा कूटप्रश्न (दिलेल्या घनाच्या दुप्पट घनफळाचा घन कसा काढायचा), त्यावर त्यानं सरकत्या पट्ट्यांचं एक यंत्र बनवलं, पितळेचं करून राजाला अर्पण केलं आणि खाली कविता कोरली, की गुरांचा गोंठा, धान्याचं पेव, विहीर यांची मापं काढायला हे कामाला येईल. उपयोग काय या प्रश्नाचं उत्तर त्यानं स्वतःच दिलेलं आहे, तेही वृत्तात.

चौथं काम मला फार मोठं वाटतं, कालगणना. त्याच्या आधी ग्रीकांमध्ये प्रत्येक शहराचं वर्ष वेगळं, कुठं अमुक अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत, कुठं तमुक पुजारिणीच्या. त्यानं ऑलिंपिकच्या विजेत्यांची यादी हाताशी धरली, दर चार वर्षांनी खेळ, म्हणजे एक समान पट्टी मिळाली, आणि त्या पट्टीवर घटना मांडत गेला. ट्रॉयच्या पाडावाचं वर्ष त्यानं काढलं ते आपल्या हिशेबात इसवी सनपूर्व ११८४-८३ येतं आणि पुढची कित्येक शतकं लोकांनी तेच धरलं. ते वर्ष बरोबर का चूक हा वेगळा विषय आहे, पण इतिहासाला एक सामाईक घड्याळ असलं पाहिजे हे त्याच्यामुळे रूढ झालं.

आणि भूगोल. जगाचा नकाशा काढताना ग्रीक महाकवी होमरचं काव्य प्रमाण मानायला त्यानं साफ नकार दिला. त्या काळात होमर म्हणजे धर्मग्रंथाच्या बरोबरीचा, त्याच्या काव्याचा नायक ओडिसियस कुठं कुठं भटकला ती गावं लोक नकाशावर दाखवायचे. यानं लिहिलं की काव्यात वारे कोंडलेली जी थैली येते ती शिवणारा चांभार सापडला की ओडिसियस कुठं फिरला तेही सापडेल. कविता आनंद द्यायला असते, भूगोल शिकवायला नाही, असं त्याचं म्हणणं होतं. स्ट्रॅबोला हे अजिबात आवडलं नाही, त्यानं पानंच्या पानं खर्ची घालून होमरची बाजू घेतली, आणि त्यामुळेच इरॅटोस्थेनिसचं म्हणणं आपल्यापर्यंत पोचलं. काव्याबद्दलचं त्याचं हे म्हणणं आजच्या आपल्या वातावरणात जरा लक्षात ठेवण्यासारखं आहे. जुन्या काव्यावर प्रेम करणारा माणूस, स्वतः कवी असलेला, होमरचा अभ्यासक, तोच सांगतोय की काव्याला नकाशा बनवू नका. आपल्या महाकाव्यांमध्ये विमानं आणि क्षेपणास्त्रं शोधणाऱ्यांपेक्षा त्याचं काव्यावरचं प्रेम जास्त होतं, असंच मी म्हणेन.

त्याच भूगोलाच्या शेवटाकडे अजून एक जागा आहे, तीही स्ट्रॅबोमुळे टिकली. माणसांची ग्रीक आणि परके अशी वाटणी करणाऱ्यांना, आणि अलेक्झांडरला ग्रीकांना मित्र समज, बाकीच्यांना शत्रू समज असं सांगणाऱ्यांना त्यानं चूक ठरवलं. वाटणी करायचीच तर चांगुलपणा आणि वाईटपणा यावर करा, कारण ग्रीकांमध्येही बरेच वाईट आहेत आणि परक्यांमध्येही सुसंस्कृत लोक आहेत. उदाहरणं दिली त्यात पहिलंच नाव भारतीयांचं, मग आरियाना प्रदेशातले लोक, म्हणजे साधारण आजचा अफगाणिस्तान आणि पूर्व इराण, मग रोमन आणि कार्थेजचे लोक. तो भारतात कधी आला नव्हता. चंद्रगुप्ताच्या दरबारी राहिलेल्या मेगॅस्थेनिसचं लिखाण त्याच्या ग्रंथालयात होतं, पाटलीपुत्राला जाणाऱ्या दहा हजार स्टेडियांच्या राजमार्गाचा उल्लेखही त्याच्याकडून आलेल्या माहितीत आहे. परक्या माणसाबद्दल त्याचं मत वाचनानं बदललं, असं मानायला मला तरी अडचण वाटत नाही. भारताचं नाव आलं म्हणून छाती फुगवायला हा मजकूर नाहीये, आपण आज आपल्याच देशात ज्यांना परकं ठरवतो त्यांच्याबद्दल किती वाचतो हे विचारायला आहे.

एवढं सगळं एका माणसानं केलं, तर समकालीनांनी त्याला काय नाव ठेवावं? बीटा. ग्रीक मुळाक्षरांतलं दुसरं अक्षर. म्हणजे प्रत्येक विषयात हा दुसरा, पहिला कशातच नाही. आपल्याकडे दहावीनंतर सायन्स, कॉमर्स, आर्ट्स अशी पोरं वेगवेगळ्या डब्यांत बसवतो आणि सायन्सवाल्यानं इतिहास वाचला तर घरचे काळजीत पडतात, त्या पालकांना हे टोपणनाव लगेच समजेल. पण आर्किमिडीजला काय वाटत होतं ते बघा. त्या काळातला सगळ्यात मोठा गणिती, सिराक्यूजला बसलेला, त्यानं आपली सगळ्यात खाजगी गोष्ट, म्हणजे प्रमेयं आधी मनात कशी सुचतात, वस्तूचे काप तराजूत तोलल्याची कल्पना करून उत्तर कसं गाठायचं आणि मग सिद्धता कशी द्यायची, हे लिहून काढलं आणि ते पाठवलं इरॅटोस्थेनिसला. सोबत लिहिलं की ही रीत वापरून आजचे किंवा पुढचे लोक मला न सुचलेलीही प्रमेयं शोधतील. त्या पत्राची दहाव्या शतकातली नक्कल पुढं १२२९ मध्ये खरवडून तिच्यावर प्रार्थना लिहिल्या गेल्या, १९०६ साली हायबर्ग नावाच्या डॅनिश अभ्यासकानं इस्तंबूलला ती ओळखली, १९९८ ला लिलावात वीस लाख डॉलरला गेली आणि मग बाल्टिमोरच्या एका संग्रहालयात बरीच वर्षं खपून खरवडलेली अक्षरं वाचली गेली. आर्किमिडीजनं ते पाठवलं ग्रंथपालाला, कारण तिथं पाठवलेलं वाचलं जाईल, नकलून घेतलं जाईल, पुढं जाईल याची त्याला खात्री होती. संस्था असते ती याच्यासाठी.

आता या चित्रातली काळी बाजू, ती न सांगता पुढं जाणं अप्रामाणिकपणा होईल. हा सगळा पैसा आला इजिप्तच्या शेतकऱ्याकडून. धान्याचा सारा, तेलावर राजाची मक्तेदारी, नाना कर. त्या शेतकऱ्याला ग्रीक येत नव्हतं, ग्रंथालयात त्याला कुणी पाऊल ठेवू दिलं नसतं. इरॅटोस्थेनिसनं ज्याला शिकवलं तो राजपुत्र चौथा टॉलेमी म्हणून गादीवर आला आणि त्याच्याच काळात, इसवी सनपूर्व २०६ च्या सुमारास, दक्षिण इजिप्त बंड करून उठला, थीब्जला स्थानिक फारो बसला आणि साधारण वीस वर्षं तो भाग अलेक्झांड्रियाच्या हातात धड नव्हता. थीब्ज म्हणजे अलेक्झांड्रियाहून सायीनला जाताना वाटेत लागणारं शहर. ज्या वाटेवरचं अंतर धरून पृथ्वी मोजली त्याच वाटेवरची माणसं मोजणाऱ्याच्या हयातीत राज्याविरुद्ध उभी राहिली. ज्यांनी पैसे भरले त्यांना ज्ञानात वाटा मिळाला नाही, तर तो पैसा लुटीचाच वाटणार, आणि त्यांचं चुकतंय असं मी म्हणू शकत नाही. म्हणून मी सरकारी खर्चातून ज्ञान म्हणतो तेव्हा ते दार सगळ्यांना उघडं असलं पाहिजे ही अट त्यातच आली.

दुसरी काळी बाजू म्हणजे राजाची मर्जी. अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय जळलं, एका आगीत सगळं संपलं, असं सगळ्यांना वाटतं. इसवी सनपूर्व ४८ ला रोमन सेनापती सीझरच्या वेळी आग लागली हे खरं, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात रोमन सम्राट ऑरेलियनच्या लढाईत तो भाग उद्ध्वस्त झाला हेही खरं. पण पहिला मोठा घाव त्याच्या कितीतरी आधीचा आहे. इसवी सनपूर्व १४५ मध्ये आठवा टॉलेमी गादीवर आला, विद्वान आपल्या विरोधकांच्या बाजूचे आहेत असा त्याला राग, त्यानं त्यांना हाकललं. ग्रंथपाल अॅरिस्टार्कस सायप्रसला पळाला. अपोलोडोरस, ज्यानं इरॅटोस्थेनिसच्या कालगणनेवरून पुढचं काम केलं, त्यानं आपला ग्रंथ अर्पण केला तो परगामच्या (आजच्या तुर्कस्तानातलं राज्य) राजाला. आणि ऑक्सिरिंकस गावच्या उकिरड्यात सापडलेल्या एका पपायरसवर ग्रंथपालांची यादी आहे, त्यात अपोलोनियस, इरॅटोस्थेनिस, अॅरिस्टोफेनिस, अॅरिस्टार्कस अशी एकाहून एक नावं आल्यानंतर पुढचं नाव येतं किडास, भालाईतांपैकी. शरीररक्षकांच्या पलटणीतला माणूस जगातल्या सर्वोत्तम ग्रंथालयावर नेमला गेला. आणि हा आठवा टॉलेमी अडाणी नव्हता हो, तो स्वतः अॅरिस्टार्कसचा विद्यार्थी, चोवीस भागांच्या आठवणी लिहिलेला लेखक. शिकलेला राज्यकर्ता आहे म्हणून संस्था सुरक्षित आहे असं समजणाऱ्यांनी ही यादी एकदा बघावी. विद्यापीठाचा कुलगुरू, अकादमीचा अध्यक्ष, संशोधन संस्थेचा संचालक कुणाच्या जवळचा आहे म्हणून नेमला गेला अशी चर्चा आपल्याकडे दर नेमणुकीला होते, पक्ष कुठलाही असो, आणि दरवेळी आपण चार दिवसांनी विसरतो.

संस्था मोडली की काय जातं हे लगेच दिसत नाही, हीच अडचण आहे. इरॅटोस्थेनिसचा घेर काही शतकांत बाजूला पडला, पॉसिडोनियसच्या नावावर असलेला १,८०,००० स्टेडियांचा छोटा आकडा भूगोलकार टॉलेमीनं (हा राजघराण्यातला नव्हे) घेतला, आणि टॉलेमीचं पुस्तक प्रमाण झाल्यामुळे युरोपात लहान पृथ्वी रूढ झाली. कोलंबस निघाला तेव्हा त्याच्या हिशेबातली पृथ्वी खऱ्यापेक्षा बरीच लहान होती, आशिया फार जवळ होता. स्पेनमधले जाणकार त्याला अंतर चुकतंय म्हणत होते आणि त्यांचं बरोबर होतं, मध्ये अमेरिका लागली नसती तर त्याची माणसं समुद्रात उपाशी मेली असती. बरोबर उत्तर एकदा सापडलं म्हणजे ते आपोआप टिकतं असं नाही, ते जपायला, तपासायला, पुन्हा पुन्हा नकलायला माणसं नेमावी लागतात आणि त्यांना पगार द्यावा लागतो.

आपल्याकडे ही माणसं कोण? महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. गावोगावची वाचनालयं स्थानिक संस्था चालवतात, सरकार अ, ब, क, ड असे वर्ग पाडून त्यांना अनुदान देतं. कल्पना खूप चांगली आहे, ड वर्गाच्या वाचनालयात बसून स्पर्धा परीक्षा दिलेली, पहिली कादंबरी वाचलेली माणसं प्रत्येक तालुक्यात भेटतील. पण तिथल्या कर्मचाऱ्याला सरकारी वेतनश्रेणी नाही, तो मानधनावर, आणि ही मागणी किती जुनी आहे हे त्या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा. तामिळनाडू आणि कर्नाटकात स्थानिक करांबरोबर ग्रंथालय कर घेतला जातो, म्हणजे पैशाची एक कायमची वाट तरी ठरलेली आहे. आपल्या कायद्यात तसा कर नाही, दरवर्षी बजेटमध्ये काय येईल त्याच्याकडे बघत बसायचं. आता सगळं मोबाईलवर फुकट आहे, ग्रंथालय कशाला, असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो की तुमच्या तालुक्यातल्या पन्नास वर्षांपूर्वीच्या साप्ताहिकाचे अंक मोबाईलवर आहेत का, गॅझेटियरमध्ये न आलेली, गावच्या पाणीवाटपाची, दुष्काळाची, साथीची नोंद आहे का. ती असली तर कुठल्यातरी वाचनालयाच्या कपाटात आहे, आणि त्या कपाटाला वाळवी लागलीय का हे बघणारा माणूस पाच-सात हजारांत घर चालवतोय.

माझी मागणी साधी आहे आणि येत्या निवडणुकीत दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला मी ती सांगणार आहे, तुम्हीही सांगा. ग्रंथालय कर कायद्यात आणा, घरपट्टीसोबत थोडा जास्त गेला तरी मी भरायला तयार आहे. वाचनालयातल्या माणसाला वेतनश्रेणी द्या. मोठ्या ग्रंथालयांवर आणि संशोधन संस्थांवर नेमणूक करताना त्या विषयातल्या लोकांची समिती निवड करेल आणि मंत्रालय फक्त सही करेल असा नियम करा, आणि एकदा नेमलेला माणूस मुदतीआधी काढायचा असेल तर कारण लेखी, जाहीर द्या. अनुदान उशिरा आलं तर का उशीर झाला ते जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांनी नाही, खात्याच्या सचिवांनी विधिमंडळात सांगायचं.